मिग-२१ च्या मॉडेलला काय टांगायचं आणि काय डब्यातच ठेवायचं

खारघरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे वडील नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात मिगच्या कामावर होते. येत्या दिवाळीत त्यांना पंचाहत्तरावं लागतंय, आणि त्यांना भेट म्हणून ताईंनी १/४८ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं, मिग-२१ बिस बांधायला घेतलंय. विमान जोडून झालंय, रंगाचा पहिला हात बसलाय. खोक्यात आता शस्त्रांचे स्प्रू, म्हणजे सुटे भाग अडकवलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, उरलेत: के-१३ आणि आर-६० क्षेपणास्त्रं, १६ नळ्यांचे रॉकेट पॉड, बॉम्ब, ४९० लिटरच्या तीन टाक्या आणि ८०० लिटरची एक. ताई लिहितात, "सगळं लावून पाहिलं. विमान भरगच्च दिसतं, पण खरं वाटत नाही. बाबांच्या डोळ्याला खुपेल असं काही नको. नेमकं काय लावू?"

ताई, "खरं वाटत नाही" हे तुम्हाला स्वतःहून जाणवलं, तेच महत्त्वाचं. कित्येकांना ते दहा मॉडेलं झाल्यावरही जाणवत नाही. किटवाले भरपूर देतात, कारण एकाच साच्यातून त्यांना चार-पाच देशांची विमानं काढायची असतात. स्प्रूवर जे आहे ते सगळं एका विमानाचं नसतं, एका देशाचंही नसतं. ते गोदाम आहे असं समजा. गोदामातून काय उचलायचं हे विमान कुठल्या कामाला निघालंय त्यावर ठरतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की शस्त्रं निवडायला बसू नका. उड्डाण निवडा. हे विमान कुठल्या साली, कुठल्या तळावरून, कशासाठी निघालं होतं? हे तीन शब्दांत सांगता आलं की पायलनखाली, म्हणजे सामान टांगायच्या पंखाखालच्या-पोटाखालच्या खुंट्यांवर, काय असणार ते बहुतेक आपोआप ठरतं.

हे मला शिकवलं ते नेरूळच्या एका निवृत्त आर्मामेंट फिटरनी, म्हणजे विमानाला शस्त्रं चढवणाऱ्या कारागिरानी. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, मॉडेलिंगमध्ये बऱ्यापैकी हात बसला असं वाटत असताना, मी १/७२ चं एक मिग-२१ घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर हल्ला करणारं विमान म्हणून मी ते बांधलं होतं. पंखांखाली दोन रॉकेट पॉड, दोन के-१३, पोटाखाली टाकी. त्यांनी चष्मा लावला, मॉडेल तळहातावर उलटं घेतलं आणि बोटानं पायलन मोजले. एक, दोन, तीन, चार. "ढाक्याला गेलेलं टाईप ७७," मिगचं जुनं रूप सांगत ते म्हणाले. "त्याला पंखाखाली दोनच. हे चारवालं नंतरचं." मग नखानं एका पॉडला हलकेच टेकू दिला. पॉड सुटून त्यांच्या हातात आला. "आणि हे असं लोंबतं ठेवायचं नसतं. विमान वळलं की हे झोके खाईल. स्वे-ब्रेस कुठंय?"

त्यानंतर तासभर त्यांनी मला जे सांगितलं त्यातलं एक वाक्य मी आजही प्रत्येक किट उघडताना आठवतो. "आम्हाला कोणी 'विमान भरा' असं सांगायचं नाही. कागद यायचा. अमुक टेल नंबर, अमुक कॉन्फिगरेशन, अमुक वाजता तयार." कॉन्फिगरेशन हा त्यांचा शब्द. मॉडेलवाल्यानं तोच कागद स्वतःसाठी लिहायचा.

आता तुमच्या विमानाचा कागद लिहू.

आधी काळाचा घोळ मिटवू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथं होतात. भारतात मिग-२१ पहिल्यांदा आलं १९६३ साली, चंदीगडला, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडलाच त्याला निरोप दिला गेला. बासष्ट वर्षांत नाव एकच राहिलं, विमान मात्र बदलत गेलं. १९७१ च्या युद्धातलं मुख्य विमान म्हणजे एफएल, ज्याला आपल्याकडे टाईप ७७ म्हणतात. त्याला आत तोफच नव्हती. तोफ हवी असेल तर पोटाखाली जीपी-९ हा पॉड लावायचा, म्हणजे तिथली टाकी गेली. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर जामनगरच्या मिगनं पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं ते तोफेनंच. म्हणजे त्या एका पायलनवर 'जास्त इंधन की तोफ' हा खरा निर्णय होता, आणि मॉडेलवर तो दिसला तर बघणाऱ्याला सगळी गोष्ट कळते. त्यानंतरचं टाईप ९६, ज्यात २३ मिलिमीटरची तोफ पोटातच बसवलेली आणि पंखांखाली चार पायलन. मग तुमचं बिस, म्हणजे टाईप ७५. त्याचंही तसंच: पंखांखाली चार, पोटाखाली एक, तोफ आत. आणि शेवटी बिसमध्येच सुधारणा करून झालेलं बायसन. त्याची समोरची काच एकसंध, रडार वेगळं, आणि क्षेपणास्त्रं आर-७३ आणि आर-७७. फेब्रुवारी २०१९ च्या चकमकीमुळे बायसन सगळ्यांना माहीत झालं, म्हणून लोक साध्या बिसच्या किटला आर-७३ लावून मोकळे होतात. समोरची काच तीन तुकड्यांची आहे आणि पंखाखाली आर-७३ आहे, असं मॉडेल तुमच्या वडिलांना दोन सेकंदांत खुपेल.

तेव्हा तुमच्या खोक्यातलं काय बाद? १९७१ ची कुठलीही कल्पना बाद. आर-७३ खोक्यात असतील तर त्या बाद. आता उरलेल्यात निवड.

मिग-२१ हे लहान विमान, आणि त्याच्या पोटात इंधन मुळातच कमी. त्यामुळे पायलनवरची प्रत्येक वस्तू म्हणजे परत यायच्या इंधनातून केलेली वजावट. ४९० लिटरची टाकी भरली की साधारण ३८० किलो केरोसीन होतं, ८०० लिटरची सव्वासहाशेच्या आसपास. बिसला ४९० च्या टाक्या तीन ठिकाणी लागतात, पोटाखाली आणि पंखांच्या बाहेरच्या दोन पायलनवर, कारण इंधनाची नळी तिथपर्यंत गेलेली असते. आतल्या दोन पायलनवर टाकी लावू नका, तिथं नळी नाही. ८०० ची फक्त पोटाखाली, आणि ती लावली की जमिनीपासूनचं अंतर इतकं कमी होतं की विमान बसक्या अंगाचं वाटायला लागतं. मला ते दिसायला आवडतं, पण ते चवीचं झालं.

शांततेच्या काळातले भारतीय मिगचे फोटो काढून बघा. पुन्हा पुन्हा एकच चित्र दिसेल: पोटाखाली एक टाकी, पंखांखाली रिकामे पायलन, फार तर एक जोडी क्षेपणास्त्रं. रोजचा सराव तसाच चालतो. मॉडेलवाल्याला हे ओकंबोकं वाटतं, पण मिगची सुईसारखी रेघ तेव्हाच दिसते.

लढाईसाठी तयार उभं असलेलं बिस दाखवायचं तर दोन के-१३ किंवा आर-६० आणि पोटाखाली टाकी. १० ऑगस्ट १९९९ ला कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं गेलं ते मिग-२१ नं, आर-६० वापरून. जमिनीवर हल्ल्याला निघालेलं दाखवायचं तर रॉकेट पॉडची जोडी आणि पोटाखाली टाकी, किंवा बॉम्बची जोडी आणि टाकी. रॉकेट, बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं तिन्ही एकदम नकोत. वजनदार सामान आतल्या पायलनवर, हलकं बाहेर, हा सर्वसाधारण ठोकताळा धरा. टाक्या बाहेर जातात त्या केवळ नळीमुळे. आणि डावी-उजवी बाजू वजनात जुळली पाहिजे. डावीकडे बॉम्ब आणि उजवीकडे क्षेपणास्त्र असं करू नका.

पण ताई, तुमच्या बाबतीत मी वेगळंच सुचवणार आहे. तुमचे वडील स्क्वाड्रनमध्ये नव्हते, ओझरला होते. त्यांनी जे विमान रोज पाहिलं ते शस्त्रं लावलेलं नव्हतं. कारखान्यातून निघणारं विमान चाचणीसाठी उडतं आणि मग तळावर जायला निघतं. त्या प्रवासात लागतं ते इंधन. विमान लांबच्या तळावर नुसतं पोहोचवायच्या उड्डाणाला पायलनवर टाक्या असतात, बॉम्ब नसतात. १९८० च्या दशकात ओझरहून नवंकोरं बिस स्क्वाड्रनकडे निघालंय, पोटाखाली एक ४९० ची टाकी, बाहेरच्या पायलनवर दोन ४९० च्या, आतले दोन पायलन रिकामे. तीन टाक्यांचं मिग मॉडेल म्हणून फार कमी लोक बांधतात, पण दिसतं फार देखणं. आणि त्यात वडिलांना त्यांचा स्वतःचा दिवस दिसेल. त्यांना न सांगता भेट द्यायची असेल तर ठीक, पण जमलं तर सहज बोलता बोलता विचारून घ्या, "बाबा, विमान बाहेर पडायचं तेव्हा खाली टाकी असायची का?" त्यांचं उत्तर माझ्या उत्तराच्या वर.

आता टांगण्याची पद्धत. इथं निवड बरोबर असूनही मॉडेल फसतं.

विमान टेबलावर ठेवा, डोळा टेबलाच्या पातळीवर आणा आणि समोरून बघा. मिगचे पंख मुळापासून टोकाकडे किंचित खाली झुकलेले असतात, दोनच अंश, पण असतात. पायलन पंखाला काटकोनात चिकटवले की ते पायलनही झुकतात आणि टाक्या एकमेकींकडे पाय वाकडे केल्यासारख्या दिसतात. पायलन उभे हवेत, पाचही एकमेकांना समांतर. वरून बघाल तेव्हा टाकीचा अक्ष विमानाच्या अक्षाला समांतर हवा, पंखाच्या तिरप्या कडेला नव्हे. मी यासाठी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा साचा कापतो: खाली सपाट, वर पंखाच्या कोनाचा, मध्ये पायलनच्या जाडीची खाच. डिंक ओला असताना साचा लावायचा आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. घरात लग्नपत्रिकांची कमी नसतेच.

क्षेपणास्त्र लावणार असाल तर एक गोष्ट मनात पक्की करा. समोरून पाहिलं की के-१३ चे पंख गुणिले चिन्हासारखे दिसले पाहिजेत, अधिक चिन्हासारखे नाहीत. क्षेपणास्त्र रुळाला अडकतं आणि रूळ दोन पंखांच्या मधून जातो. अधिक चिन्ह केलं तर वरचा पंख रुळात घुसतो, आणि मग लोक तो कापून टाकतात. मी तसं कापलेलं मॉडेल प्रदर्शनात पाहिलंय. पुढचे छोटे पंख आणि मागचे मोठे पंख एकाच रेषेत. मागच्या पंखांच्या टोकाशी एक इवलंसं चाक असतं, क्षेपणास्त्र स्वतःभोवती गरगरू नये म्हणून. १/४८ मध्ये ते अगदीच बारीक येतं, पण सुईच्या टोकानं चंदेरी ठिपका दिला तरी पुरे. के-१३ ची जन्मकथा तुम्हाला ठाऊक असेल-नसेल: २४ सप्टेंबर १९५८ ला तैवानच्या सेबर विमानांनी चिनी मिग-१७ वर साइडवाइंडर हे अमेरिकी क्षेपणास्त्र सोडलं, ते अंगात घुसलं पण फुटलं नाही, आणि वैमानिक ते तसंच घेऊन घरी परतला. ते सोव्हिएत संघाकडे गेलं आणि त्यावरून के-१३ तयार झालं. म्हणूनच तुमच्या स्प्रूवरचं के-१३ जुन्या साइडवाइंडरसारखं हुबेहूब दिसतं.

आर-६० लावणार असाल तर त्याचा लाँचर वेगळा आहे. के-१३ च्या रुळावर आर-६० चिकटवू नका, दोन्ही लाँचर स्प्रूवर बहुधा असतात. ओळखायला लांबी मोजा. के-१३ खऱ्यात २.८३ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये ५९ मिलिमीटर. आर-६० साधारण २.१ मीटर, म्हणजे ४४ च्या जवळ. पट्टीनं मोजायची सवय लावाच. कधी कधी किटमधला भागच चुकलेला असतो, आणि दुसऱ्या किटमधून उसनं घेतलेलं सामान तर वेगळ्या स्केलचंही निघतं.

जाडीचा हिशेब लोक करत नाहीत. प्लास्टिकचा पंख अर्धा मिलिमीटर जाड असेल तर १/४८ मध्ये तो २४ मिलिमीटरचा झाला. खऱ्या क्षेपणास्त्राचा पंख इतका जाड नसतो, आणि टाकीच्या शेपटीचे पत्रे तर नसतातच. ते पूर्ण पातळ करायची गरज नाही. फक्त कडा ६०० आणि मग १००० च्या पॉलिश पेपरनं दोन्ही बाजूंनी घासून धारदार करा. डोळा कड बघतो, बाकीचं मन भरून घेतं. टाकीच्या शेपटीचे पंख मी डब्याच्या पातळ ॲल्युमिनियम झाकणातून कापून लावतो. तीन टाक्यांना तो सगळा उद्योग एका रविवारच्या दुपारी होतो.

टाकीबद्दल थोडं थांबतो, कारण तुमच्या मॉडेलचं मुख्य सामान तीच आहे. टाकी दोन अर्ध्या भागांची येते. जोड पूर्ण मिटवा. सुपरग्लूनं भरून, वाळल्यावर लगेच घासा, तास-दोन तासांत तो दगडासारखा होतो आणि मग प्लास्टिक खाल्लं जातं पण तो हलत नाही. नंतर उजेडासमोर टाकी फिरवा. जोड असेल तर उजेडाची रेघ त्या जागी तुटते. तुटली नाही की झालं. टाकी पंखाखाली गेल्यावर जोड दिसणार नाही असं मनाला सांगू नका. वडील मॉडेल हातात घेऊन उलटं करतील. विमानाचं काम केलेला माणूस ते करतोच.

रंगाचं सांगतो. टाक्या विमानाबरोबर जन्मत नाहीत. त्या बदलतात, एका विमानावरच्या दुसऱ्यावर जातात. त्यामुळे करड्या विमानाखाली उघड्या धातूच्या चंदेरी टाक्या असणं अगदी नेहमीचं. तिन्हींना वेगवेगळी चंदेरी छटा द्या, एक जराशी मळकट, दोन लखलखीत. कारखान्यातून निघालेलं विमान दाखवत असाल तर मात्र मळ आवरता घ्या. नवं विमान आहे. टाकीच्या झाकणापासून मागे एक पातळशी इंधनाची ओघळ, बस.

शस्त्रं लावणाऱ्यांसाठी सांगायचं तर जीर्णपणा उलटा विचार करून द्या. बॉम्ब पायलनवर एकदाच चढतो आणि परत येत नाही, म्हणून तो विमानाइतका मळलेला असू शकत नाही. ढकलगाडीवरून आणताना ओरखडे पडलेले असतात, धूर-तेल नसतं. खूप उड्डाणं झालेली असतात ती पायलनला. काजळी, तेलाचे डाग, रंग उडालेली कड पायलनवर द्या आणि बॉम्ब स्वच्छ ठेवा, लगेच फरक दिसेल. आणि पट्ट्यांचं भान ठेवा. बॉम्बवर पिवळा पट्टा म्हणजे आत स्फोटक, तपकिरी पट्टा म्हणजे रॉकेट मोटर, निळा म्हणजे सरावाचं, ही पश्चिमेची खूण आहे. रशियन बॉम्बवर पिवळा पट्टा ओढू नका. हवाई दलाच्या जॅग्वार विमानाखालच्या ब्रिटिश हजार पौंडी बॉम्बवर मात्र तो हवाच, आणि बॉम्बचा रंग गडद हिरवा.

रॉकेट पॉडचा मोह झालाच तर नळ्या पोखरा. ५७ मिलिमीटरचं रॉकेट, १/४८ मध्ये १.२ मिलिमीटर. घड्याळ दुरुस्तीच्या सामानवाल्यांकडे या मापाचे ड्रिल बिट मिळतात. १६ भोकं, दोन पॉड, ३२. हातानं, सावकाश, आधी सुईनं खूण करून. मशीन लावलं की प्लास्टिक वितळतं.

फोटो बघताना दोन ठिकाणी फसगत होते. हवाई प्रदर्शनात विमान मध्ये आणि सगळी शस्त्रं समोर मांडून ठेवतात, पायलनवरही जे जे लागू शकतं ते सगळं लावतात. ती दुकानाची काच आहे. दुसरं म्हणजे चौकात, शाळेसमोर, छावणीच्या दाराशी खांबावर चढवलेली विमानं. त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा रंग चढलेला असतो, क्षेपणास्त्रं कधी लाकडाची किंवा पत्र्याची, कधी दुसऱ्याच विमानाची. माप घ्यायला ती उत्तम, कारण जवळ जाता येतं. कॉन्फिगरेशनला चालणार नाहीत. सगळ्यात भरवशाचा फोटो धावपट्टीवरून उठणाऱ्या विमानाचा, ज्याची तारीख आणि तळ ठाऊक आहे असा.

दुसरी विमानं बांधणाऱ्यांनी मला हाच प्रश्न बऱ्याचदा विचारलाय, म्हणून चार ओळी त्यांच्यासाठी. आपल्या जॅग्वारची क्षेपणास्त्रं पंखाच्या वर असतात. ब्रिटिश किटमध्ये तिथं साइडवाइंडर दिलेलं असतं, आपल्याकडे मॅजिक हे फ्रेंच क्षेपणास्त्र होतं, त्यामुळे फ्रेंच विमानाच्या किटमधून ते उसनं घ्यावं लागतं. नौदलाच्या सी हॅरियरचंही तेच, मॅजिक. खरं सी हॅरियर बघायचं तर ठाण्याहून किंवा पनवेलहून कोकण रेल्वेनं गोव्याला जा, दाबोळी विमानतळाजवळ नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे. पायलनची जाडी, रिकाम्या पायलनखालची भोकं, सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. मिराज २००० ला कारगिलचं लेझर बॉम्बवालं रूप द्यायचं असेल, टायगर हिलवरच्या २४ जून १९९९ च्या हल्ल्यासारखं, तर पेव्हवे-२ बॉम्बचे मागचे पंख मिटलेले ठेवा. ते सुटल्यावर उघडतात. विमानाला टांगलेल्या बॉम्बचे पंख पसरलेले दाखवणं ही ढोबळ चूक आहे. आणि सुखोई-३० ला टाकी लावू नका. ११ ऑक्टोबर २०२४ ला नवी मुंबई विमानतळावर पहिल्यांदा हवाई दलाचं सी-२९५ उतरलं, तेव्हा सुखोईही धावपट्टीवरून खालून गेलं. उलव्याच्या गच्च्यांवरून ते पाहिलेल्या एका मुलानं मला विचारलं होतं, "एवढं मोठं विमान, टाकी कुठंय?" त्याच्या पोटातच इतकं इंधन असतं की बाहेर टाकी टांगत नाहीत. त्याच्या पायलनांवर क्षेपणास्त्रं आणि बॉम्ब. ब्राह्मोस असेल तर पोटाखाली एकच, अडीच टनांचं.

परत तुमच्या मिगकडे.

विमान चाकांवर उभं आहे की उडतंय हे आताच ठरवा. उभं असेल आणि कॉकपिटची काच उघडी ठेवणार असाल तर लाल फिती लावा, ज्यांवर 'रिमूव्ह बिफोर फ्लाइट' लिहिलेलं असतं. खरी फीत हातभर, म्हणजे तुमच्या स्केलला नऊ-दहा मिलिमीटर. पातळ कागदाला दोन्ही बाजूंनी लाल रंग, टोकाला केसाइतकी तांब्याची तार. क्षेपणास्त्रं असतील तर त्यांच्या काचेरी नाकावर टोपण. वैमानिक बसलाय आणि काच बंद आहे, तर यातलं काहीही नको. अर्ध्या फिती काढलेल्या, अर्ध्या राहिलेल्या, असं दृश्य करायचा मोह होतो. तो करू नका, जमिनीवरचा कर्मचारी असं करत नाही, आणि वडिलांना ते अजिबात आवडणार नाही.

टांगण्याआधी पायलन आणि टाकी दोन्हींना अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून स्टेपलरच्या पिनचा तुकडा बसवा. डिंकावर भिस्त ठेवली की टाकी एक दिवस निखळते, आणि ती निखळते ती कुणीतरी मॉडेल हातात घेतल्यावरच. पिन असेल तर ती हलत नाही. अडकवण्याच्या त्या जागेवर खऱ्या विमानात दोन्ही बाजूंनी टाकीला दाबून धरणारे छोटे पाय असतात, स्वे-ब्रेस, ज्याबद्दल नेरूळच्या त्या काकांनी मला विचारलं होतं. किटमध्ये ते एकतर नसतात किंवा साध्या उंचवट्यासारखे असतात. तारेचे चार बारीक तुकडे, टोकाला डिंकाचा थेंब. टाकी पायलनला टेकलीये आणि मधे सावली आहे, एवढं दिसलं की वजन टांगलेलं वाटतं.

एक व्यावहारिक गोष्ट. तुम्ही खारघरला राहता, डोंगराच्या कुशीत, पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. मॅट वार्निश जून ते सप्टेंबरमध्ये उघड्या बाल्कनीत मारलं तर त्यावर पांढुरका धुरळा बसतो, आणि चंदेरी टाक्यांवर तो सगळ्यात आधी दिसतो. एसी ड्राय मोडवर लावून बंद खोलीत मारा, किंवा ऑक्टोबरची ऊन-हवा येईपर्यंत थांबा. दिवाळीला तेवढा वेळ मिळतो. टाक्या वेगळ्या रंगवा, तांदळाच्या रिकाम्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात वाळवा, शेवटी टांगा.

आणि पिन बसवल्यावर त्या टाक्यांना डिंक लावूच नका, पिन घट्ट बसेल इतकंच भोक ठेवा. के-१३ ची जोडीही त्यांच्या लाँचरसकट रंगवून, त्याच मापाच्या पिना लावून छोट्या डबीत भेटीबरोबर द्या. वडिलांच्या मनात दुसरं कॉन्फिगरेशन असेल तर ते स्वतःच्या हातानं बदलतील. शिल्लक स्प्रू टाकू नका, झिप पिशवीत 'मिग-२१, १/४८' असं लिहून ठेवा.